नेमलेला की निवडलेला? देहूरोड, पिंपरी आणि पॅलेस्टाईन

१७ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने गाझाबाबतचा ठराव क्रमांक २८०३ मंजूर केला. १३ देश बाजूने, रशिया आणि चीन तटस्थ. त्यानंतरच्या रविवारी पिंपरीतल्या आमच्या अभ्यासवर्गात हाच विषय होता. गाझाचा रोजचा कारभार बिगरराजकीय पॅलेस्टिनी तज्ज्ञांच्या समितीकडे जाईल, त्या समितीवर 'बोर्ड ऑफ पीस' देखरेख करेल आणि त्या बोर्डाचे अध्यक्ष अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प असतील, अशी ती योजना. आम्ही हे समजावून सांगत होतो, तेवढ्यात चाकणला कंत्राटी काम करणारा एक तरुण म्हणाला, "म्हणजे प्रशासक बसवला म्हणा ना, सर."

सगळे हसले. पण त्या वाक्यानंतर आमचा ठरलेला विषय बाजूला राहिला आणि दोन तास आम्ही आपल्याच गावाबद्दल बोलत बसलो. पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत १३ मार्च २०२२ ला संपली. त्यानंतर २०२५ च्या अखेरीपर्यंत, पावणेचार वर्षे, या शहरात एकही नगरसेवक नव्हता. त्याआधीचे शेवटचे मतदान २१ फेब्रुवारी २०१७ ला झाले होते. म्हणजे २०२५ च्या अखेरीस २६ वर्षांखालील एकाही मुलामुलीने आपल्या महापालिकेसाठी कधी बटण दाबलेले नव्हते.

तुलना कुठपर्यंत न्यायची हे आधी सांगतो, नाहीतर उगाच गैरसमज होईल. गाझामध्ये दोन वर्षांत ६५ हजारांहून अधिक माणसे मारली गेली, हा तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा आकडा आहे. त्याआधी ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० लोक मारले गेले. आपल्याकडे यातले काही नाही. आपल्याला संविधान आहे, न्यायालय आहे, विधानसभेला आणि लोकसभेला मत आहे. परकीय फौजेच्या ताब्यातला प्रदेश आणि निवडणूक लांबलेली महापालिका एका तागडीत टाकता येत नाही. पण एक प्रश्न दोन्हीकडे सारखा लागू होतो आणि तो आपल्या समाजाला नवा नाही. आपल्या नावाने बोलणारा माणूस कोणी ठरवला, आणि त्याला पुन्हा आपल्या दारात यावे लागते की नाही?

या प्रश्नासाठी फार लांब जायला नको. देहूरोडला जाऊ. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची इथे स्थापना केली. दरवर्षी त्या दिवशी आपण लाखोंनी तिथे जातो. पण धम्मभूमी ज्या गावात आहे, त्या गावाचा कारभार कोण चालवते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? तिथे महापालिका नाही, नगरपरिषद नाही, ग्रामपंचायतही नाही. ते कॅन्टोन्मेंट बोर्ड, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतले. लष्कराचा स्थानिक प्रमुख अधिकारी त्याचा पदसिद्ध अध्यक्ष. पूर्वी निम्मे सदस्य तरी नागरिकांतून निवडून यायचे. त्यांची मुदतवाढ फेब्रुवारी २०२१ मध्ये संपली आणि 'व्हेरिड बोर्ड' आले. त्यात तीनच जण: अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि एक नागरी सदस्य. तो नागरी सदस्य निवडलेला नाही, नेमलेला. ३० एप्रिल २०२३ ला देशभरातल्या कॅन्टोन्मेंटच्या निवडणुका जाहीर झाल्या होत्या, त्या मार्चमध्येच रद्द झाल्या. नागरी भाग शेजारच्या महापालिकेत विलीन करायची चर्चा तेव्हापासून चालू आहे. विलीन होईल तेव्हा होईल. तोवर रस्त्याचा खड्डा असो की घराच्या परवानगीचा कागद, देहूरोडच्या माणसाने मत देऊन बदलता येईल असा एकही माणूस त्या टेबलापलीकडे बसलेला नाही.

लष्कराने चालवलेल्या नगरपालिका पॅलेस्टिनी लोकांनाही ठाऊक आहेत. जून १९६७ च्या युद्धात वेस्ट बँक आणि गाझा इस्रायलच्या ताब्यात गेले. १९७६ मध्ये इस्रायलने वेस्ट बँकमध्ये नगरपालिकांच्या निवडणुका होऊ दिल्या. अपेक्षा अशी की जुनी, नमते घेणारी घराणी निवडून येतील. निवडून आले पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेला (पीएलओ) मानणारे महापौर. जून १९८० मध्ये नाब्लुसचे महापौर बस्साम शकआ यांच्या गाडीत बॉम्ब ठेवला गेला, त्यांचे दोन्ही पाय गेले. रामल्लाहचे महापौर करीम खलफ यांनी पाऊल गमावले. १९८२ मध्ये या निवडून आलेल्या महापौरांना पदावरून काढून तिथे लष्करी अधिकारी बसवले. त्याच काळात 'ग्राम संघ' नावाची एक रचना उभी केली गेली. पैसा, बंदुका, परवाने देण्याचा अधिकार, सगळे लष्कराकडून. माणसे मात्र पॅलेस्टिनी. लोकांनी त्यांना आपले मानले नाही आणि ते संघ काही वर्षांत गळून पडले.

त्याच १९८२ साली, पुणे कराराला ५० वर्षे झाली त्या दिवशी, २४ सप्टेंबरला कांशीरामजींचे 'चमचा युग' प्रकाशित झाले. कांशीरामजींची सरकारी नोकरी याच भागातली, पुण्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेतली. त्यांना वेस्ट बँकच्या ग्राम संघांबद्दल काही म्हणायचे होते असे आम्ही म्हणत नाही. पण दोन्हीकडचे दुखणे ओळखीचे आहे.

पुढची गोष्ट जास्त अवघड आहे, कारण तिथे नेता बाहेरून लादलेला नव्हता. यासर अराफत हे पॅलेस्टिनी लोकांचे खरे नेते होते, यात शंका नाही. पण १९८७ च्या डिसेंबरात इंतिफादा सुरू झाला तो वस्त्यांमधून, छावण्यांमधून, स्थानिक समित्यांमधून. अराफत तेव्हा ट्युनिसला होते. १९९१ च्या माद्रिद परिषदेत पॅलेस्टिनी शिष्टमंडळाचे नेतृत्व केले गाझाचे डॉक्टर हैदर अब्देल शफी यांनी. ते जाहीर वाटाघाटी करत होते, आणि त्यांना न सांगता ओस्लोमध्ये दुसरीच बोलणी चालू होती. १३ सप्टेंबर १९९३ ला करारावर सही झाली. १९९४ मध्ये पॅलेस्टिनी प्राधिकरण आले, तेही पाच वर्षांच्या हंगामी मुदतीसाठी. १९९५ च्या करारात वेस्ट बँकचे अ, ब, क असे तुकडे झाले. पूर्ण नागरी आणि सुरक्षा अधिकार मिळाले ते सुमारे १८ टक्के जमिनीवर. जवळपास ६० टक्के जमीन इस्रायलच्याच पूर्ण ताब्यात राहिली. सीमेवरचा करही इस्रायल गोळा करणार आणि प्राधिकरणाला देणार, म्हणजे वाटेल तेव्हा अडवणारही. अब्देल शफींनी या करारावर उघड टीका केली. १९९६ च्या निवडणुकीत सगळ्या उमेदवारांमध्ये सर्वाधिक मते त्यांनाच पडली. पुढच्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला, कारण परिषदेने काहीही ठरवले तरी वर ते ऐकले जात नव्हते.

महमूद अब्बास जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांना ९० वर्षे पूर्ण झाली, पद अजून त्यांच्याकडेच आहे. जानेवारी २००६ मध्ये १३२ पैकी ७४ जागा हमासने जिंकल्या. अमेरिका आणि युरोपने मदत थांबवली, २००७ मध्ये आपसात रक्तपात झाला, गाझा हमासकडे आणि रामल्लाह फतहकडे. त्यानंतर दोघांपैकी कोणीही अध्यक्षपदासाठी किंवा संसदेसाठी लोकांना पुन्हा कौल मागितला नाही. हमासला लोकांनी निवडून दिले होते हे खरे, पण एकदाच. मे २०२१ ची जाहीर झालेली निवडणूक पूर्व जेरुसलेमचे कारण देऊन पुढे ढकलली, ती आजवर झाली नाही. एप्रिल २०२५ मध्ये हुसेन अल-शेख उपाध्यक्ष झाले, तेही नेमणुकीने. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स यांनी पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. भारताने ती १९८८ मध्येच दिली होती. राष्ट्राला मान्यता मिळत गेली, पण आज ३७ वर्षांखालील एकाही पॅलेस्टिनी माणसाने आपला अध्यक्ष किंवा आपली संसद निवडलेली नाही. बाहेरच्यांनी 'तज्ज्ञ समिती' सुचवली तेव्हा तिला ठामपणे नाही म्हणू शकेल असा, लोकांचा ताजा कौल हातात असलेला नेता त्यांच्याकडे नव्हता. दोष फक्त अब्बास यांचा नाही. ज्याच्या हातात सीमा, कर आणि तुरुंग आहेत, त्याला असाच थकलेला शेजारी सोयीचा असतो.

आता बाबासाहेबांकडे येऊ. १९२७ मध्ये ते मुंबई विधिमंडळात गेले ते सरकारनियुक्त सदस्य म्हणून. गोलमेज परिषदेलाही सरकारच्या निमंत्रणावरून. म्हणजे नेमणूक झाली की माणूस मिंधा होतोच, असे नाही. त्याच वर्षी महाड झाले. पण मे १९२८ मध्ये सायमन कमिशनला बहिष्कृत हितकारिणी सभेचे निवेदन दिले, त्यात नेमणुकीची पद्धत बंद करून अस्पृश्यांचे प्रतिनिधी निवडणुकीने यावेत, अशी मागणी त्यांनी केली. स्वतः नियुक्त असताना केली.

पुणे कराराची एक तरतूद आपण भाषणांमध्ये फारशी ऐकत नाही. राखीव मतदारसंघात आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मतदान करून चार उमेदवारांचे पॅनेल निवडायचे, आणि मग त्या चौघांतून सर्व मतदारांनी एक निवडायचा, अशी ती रचना होती, दहा वर्षांपुरती. स्वतंत्र मतदारसंघ गेला, पण उमेदवार कोण, हे ठरवण्याचा पहिला हक्क काही काळ तरी आपल्याकडे राहिला.

आज महापालिकेत पुन्हा चारचे पॅनेल आहे. ३२ प्रभाग, १२८ जागा, बहुतेक सगळे बोलताना त्याला पॅनेलच म्हणतात. प्रत्येक मतदाराला चार मते. २०११ च्या जनगणनेच्या हिशेबाने एका प्रभागात ५० हजारांवर लोकसंख्या. अनुसूचित जातींसाठी २० जागा आहेत. पण त्या जागेवरचा उमेदवार पक्षाच्या कार्यालयात ठरतो, उरलेल्या तिघांच्या गाडीतून फिरतो आणि अख्ख्या प्रभागाच्या मतांवर निवडून येतो. विहारात त्याला कोणी ओळखते की नाही, याने निकाल फिरत नाही. १९३२ चे पॅनेल आपण निवडणार होतो, आजचे पॅनेल आपल्याला बटणावर छापून मिळते. २०२२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग आणि १३९ जागा करायच्या ठरल्या, सरकार बदलले तसे पुन्हा १२८ वर आणले. वस्तीतल्या कोणालाही त्याबद्दल विचारले गेले नाही.

तरीही नगरसेवक असण्याने फरक पडतो, हे या पावणेचार वर्षांनी दाखवले. प्रशासकाच्या काळात आयुक्त, स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा हे तिन्ही अधिकार एकाच माणसाकडे असतात. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत चार हजारांहून अधिक बांधकामे पाडली. अतिक्रमण, आगी, प्रदूषण ही कारणे दिली गेली, त्यातली काही खरीही होती. पण भंगाराच्या गोदामांत आणि छोट्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांचे पुढे काय, हे सभागृहात उभे राहून विचारणारा कोणी नव्हता, कारण सभागृहच नव्हते. मे महिन्यात विकास आराखड्याचा मसुदा आला, त्यावर सुमारे ५० हजार हरकती आल्या. पुढच्या वीस वर्षांत कुठली जमीन रस्त्याला, कुठली उद्यानाला, कुठली घरांना, हे ज्या कागदावर ठरते, तो निवडलेल्या सभागृहाशिवाय तयार झाला. निवडणूक अडली ती ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात. ओबीसी बांधवांना हक्काच्या जागा मिळाल्याच पाहिजेत. पण निवडणूक लांबल्याने सत्ताधाऱ्यांची अडचण झाली असेही कुठे दिसले नाही. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि पुढे ३१ जानेवारी २०२६ ची मुदत ठरली होती.

चाकणला तर याहून वेगळेच चित्र. औद्योगिक वसाहतीचे नियोजन एमआयडीसीकडे. बाजूला महाळुंगे, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी या ग्रामपंचायती. त्यांच्या हद्दीत दहा बाय दहाच्या खोल्यांमध्ये नांदेड, परभणी, हिंगोली, वाशिमहून आलेली आपली पोरे राहतात. त्यांचे मत गावाकडे. ग्रामपंचायतीला त्यांची गरज नाही, गावाकडच्या सरपंचाला त्यांची आठवण निवडणुकीच्या आदल्या दिवशी गाडी पाठवण्यापुरती. ऑगस्ट २०२५ मध्ये अजित पवारांनी चाकण परिसरासाठी नवी महापालिका करावी लागेल असे सांगितले. ती झालीच तर या खोल्यांमधली माणसे तिथल्या मतदारयादीत असतील का? २०२५-२६ च्या स्थानिक निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर नाव घातलेले त्यावेळी बाहेर. अभ्यासवर्गात आम्ही हात वर करायला सांगितले. चाकण-भोसरी पट्ट्यात काम करणारे १४ जण होते, राहत्या ठिकाणी मत असलेले तिघे.

मग त्याच तरुणाने दुसरा प्रश्न विचारला, आणि तो आम्हाला लागला. "आपल्या मंडळाची निवड कधी झाली होती, सर?"

आठवायला वेळ लागला. २०१९. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला स्थापन झाला आणि दोन वर्षांत फुटला, हे आपण दरवर्षी हळहळून सांगतो. अध्यक्ष तहहयात का राहतात, गट का पडतात, यावर आम्ही स्वतः लेख लिहिले आहेत. आणि आमच्याच मंडळात सहा वर्षे तीच पाच माणसे, त्यात आम्हीही. कोणी आम्हाला हटवले नाही, कारण हटवण्याची तारीखच ठेवलेली नव्हती. कामे चालू होती, जयंती होत होती, वाचनालय उघडे होते. अब्बास यांच्या बाजूचे लोकही बहुधा असेच काही सांगत असतील.

२५ डिसेंबरला देहूरोडला आमचा स्टॉल असेल. मतदारयादीत नाव शोधून देणे आणि राहत्या पत्त्यावर नाव घालण्यासाठी फॉर्म ६, नाव आधी गावाकडे असेल तर फॉर्म ८, हे दोन्ही भरून घेणे, एवढेच काम. मंडळाची निवडणूक ४ जानेवारीला विहारात आहे, मतपेटी ठेवून. आतापर्यंत अध्यक्षपदासाठी दोन अर्ज आले आहेत. एक आमच्यातल्याच जुन्या सहकाऱ्याचा, दुसरा तळवड्याच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या एका मुलीचा.