दोन वाव पाणी

गेल्या मार्गशीर्षात आम्ही चौघे नेवासेकर मालवणच्या समुद्रात एक दिवस घालवून आलो. परतून तीन दिवस झाले असतील, तोच ज्या मंडळींनी ही सहल आखली होती त्यांच्याकडून प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत आली. दोन मिनिटांची. मागे एका हिंदी चित्रपटातले गाणे, काचेच्या मुखवट्याआडून बटबटीत दिसणारे आमचे डोळे, पावाच्या तुकड्यांभोवती झुंबड करणारे मासे, आणि या सगळ्यावर सोनेरी अक्षरांत मथळा : 'अथांग सागराच्या कुशीत'. घरोघरी ती कौतुकाने पाहिली गेली. आम्हालाच तेवढी ती पाहवेना. कारण ज्या पाण्यात हे चित्रण झाले त्याची खोली आम्ही त्याच दिवशी विचारली होती, आणि उत्तरही मिळाले होते. दोन वाव.

प्रस्तुत लेख त्या मथळ्यातील पहिल्या शब्दाविरुद्ध आहे. एका विशेषणासाठी एवढा खटाटोप कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु मराठीत समुद्राविषयी जे बेफिकीर बोलले जाते आणि समुद्रात जे बेफिकीर वागले जाते, त्या दोहोंच्या मुळाशी हे विशेषण आहे, असे आमचे मत झाले आहे. थांग म्हणजे तळ, ठाव. ज्याचा तळ लागत नाही ते अथांग. आणि ज्याला तळच नाही त्याच्या तळाशी कोणी राहत असेल, हे मनात यायचे कारण उरत नाही.

आधी त्या दिवसाविषयी. सकाळी कर्ली नदीच्या खाडीत कयाक, दुपारी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी तोंडात नळी धरून पाण्यावर पालथे तरंगणे (याला स्नॉर्केलिंग म्हणतात, मराठी शब्द कोणी घडवला असल्यास आमच्या कानावर नाही). कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. ती सीलच्या कातड्याने मढवलेली असे. आमची पिवळ्या प्लॅस्टिकची होती. शेजारीच वाळूत, बाजूला उलांडी बांधलेली कोकणची जुनी होडी पालथी पडून होती. तिच्याकडे कोणी पाहत नव्हते.

आमच्याबरोबर जो वाटाड्या होता तो पंचविशीतला, रापणकराच्या घरातला. वडील अजून रापणीला जातात. पण ओढ्याला पूर्वीसारखी मासळी लागत नाही, पर्ससीनवाल्यांनी ती आतच उचललेली असते, म्हणून मुलगा पर्यटनात आला. खाडीतल्या दीड तासात हा मुलगा बोलत होता. देवबागची ती चिंचोळी पट्टी, एका अंगाला कर्ली आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. मुखाजवळचा वाळूचा दांडा पावसाळ्यात कसा सरकतो, ओहोटीला कुठे वल्हे तळाला टेकते, कांदळवनाच्या मुळांत कोणती पिल्ले वाढतात, हे सारे तो वल्हवता वल्हवता सांगत होता. भूगोलाचा इतका चांगला तास आम्हाला शाळेत कधी मिळाला नाही.

दुपारी तोच मुलगा मुका झाला. पत्रकात प्रत्येक माणसामागे बारा मिनिटे ठरलेली. त्या बारा मिनिटांत त्याने आम्हाला धरायचे, पाव कुस्करायचा, कॅमेरा रोखायचा आणि अंगठा व तर्जनी जुळवून 'ठीक?' असे विचारायचे. आमच्यापैकी एकाचा मुखवटा गळू लागला. घाबरून त्याने खाली दिसणाऱ्या तपकिरी खडकावर दोन्ही पाय टेकले आणि उभा राहिला. पाणी छातीपर्यंत! तेव्हा वाटाड्या कॅमेरा सोडून ओरडला, "काकानू, पाय ठेवू नकात, जितो असा तो!" दिवसभरात पत्रकाबाहेरचे जे एक वाक्य आमच्या कानी पडले ते हे. तो खडक नव्हता, प्रवाळ होता. एक तुकडा मोडून खाली गेलेला आम्ही पाहिला. आमच्या मित्राच्या पोटरीला खरचटले. ते आठवड्यात भरून आले. प्रवाळाचे ते भरून यायला किती वर्षे लागतील, हे आम्ही वर बोटीत विचारले. त्याने नुसती मान हलवली.

याच वेळी आम्ही खोलीही विचारली. "दोन वाव. भरती इली की अर्धो वाव वाढता," तो म्हणाला. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचे अंतर. दोरीला वजन बांधून सोडायची आणि ओढून घेताना हातांनी मोजायची. म्हणजे सरासरी अकरा-बारा फूट, आणि प्रवाळाचे उंचवटे त्याहूनही वर आलेले.

आता साहित्याकडे वळू. मराठी ललित लेखात समुद्र येतो तो बहुधा संध्याकाळी. लेखक वाळूवर उभा असतो. ओले होतात ते फार तर घोटे. मग 'निळाशार', 'धीरगंभीर' आणि 'अथांग' ही तीन विशेषणे ठरल्या क्रमाने हजर होतात आणि लेखक स्वतःच्या मनाकडे वळतो. समुद्र तिथेच संपतो. दिवाळी अंकांतून वर्षानुवर्षे हे चालले आहे. ब्रायटनच्या किनाऱ्यावर १९०९ साली सावरकरांनी समुद्राला हाक घातली ती मायदेश दुरावलेल्या माणसाची हाक होती. तिथे समुद्र म्हणजे मधले अंतर, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती हक्काची खोली दारात असताना दुरूनच हात जोडणाऱ्यांबद्दल. कुसुमाग्रजांनी तर 'विशाखा'मधील (१९४२) 'कोलंबसाचे गर्वगीत' या कवितेत समुद्राला त्याच्या मर्यादेची जाणीव करून दिली आहे. शाळेत आपण ती पाठ केली, वक्तृत्वस्पर्धांत मुठी आवळून म्हटली, आणि घरी येऊन निबंधात पुन्हा 'अथांग' लिहिले.

कोणी म्हणेल, काव्याला दोरी लावून मोजता काय? मोजतो. निदान गद्याला तरी मोजतो. आपल्या किनाऱ्याजवळचा समुद्र उथळ आहे. जमिनीचाच उतार पाण्याखाली मंदपणे कित्येक मैल पुढे गेलेला असतो. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटर आत आंग्रिया बँक नावाचे पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखले जाणारे. चहूकडे खोल पाणी, आणि मधोमध त्याचा माथा पृष्ठभागाखाली अवघ्या वीस मीटरांच्या आसपास. त्यावरही प्रवाळ आहेत. वीस मीटर म्हणजे साठ-सत्तर फूट. आमच्या नेवासे तालुक्यात एखाद्या खोल विहिरीची खोली एवढी असते आणि ती आम्ही परसात सांगतो. परस म्हणजे माणूसभर उंची. 'अकरा परस विहीर' म्हणताना कोणी भावुक होत नाही. विहिरीत मूल पडू नये, गाळ साठू नये, पाणी कोणी नासवू नये, हे सारे त्या अकरा परसांच्या माहितीबरोबरच येते. (वाटाड्याला आम्ही हे सांगितले आणि आता कूपनलिका तीन-तीनशे फूट जातात असेही सांगितले. तो हसून म्हणाला, मग तळ नाही तो तुमच्याकडेच.)

विशेषणाने काय बिघडते, ते मालवणातच पाहावे. सिंधुदुर्गाच्या आसपासचे २९ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. प्रवाळ हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कागदावर त्यांना वाघाच्या पंगतीचे संरक्षण आहे. वाघाच्या पाठीवर पाय देऊन कोणी छायाचित्र काढून घेत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात, याच अभयारण्यात हौशी पाणबुड्यांमुळे प्रवाळांची कशी मोडतोड होते आणि तिला उत्तरदायी कोणीच कसे नसते, हे मांडले आहे. आमच्या सहलीच्या पत्रकात 'अभयारण्य' हा शब्द कोठेही नव्हता. 'अथांग' मात्र तीनदा होता.

माणसांच्या बाबतीतही तेच. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघे दगावले. अशा वेळी आपल्याकडे लगेच 'समुद्रापुढे कोणाचे काय चालते' असे उद्गार निघतात. बोट किती माणसांची, वारा किती, मे अखेरीस समुद्र कसा फिरतो, या प्रश्नांना उत्तरे असतात. पण एकदा समुद्र अगम्य ठरवला की उत्तरे मागणाराच अरसिक ठरतो.

आम्ही समुद्रापासून इतक्या दूरचे. आम्हाला हा अधिकार कोणी दिला, असा प्रश्न एका मालवणी स्नेह्याने केलाच. उत्तर आमच्या गावच्या मातीत आहे. नेवाशाला लोक पैसाच्या खांबासाठी येतात. ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी इथे सांगितली. त्या ग्रंथात समुद्र आणि लाटा पुन्हा पुन्हा येतात, पण तेथे त्या दृष्टान्ताच्या कामावर असतात, शोभेला नसतात. त्याच प्रवरेच्या काठी १९५४ पासून ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. त्यात इतर अनेक गोष्टींबरोबर रोमन अँफोरांची, म्हणजे दोन कानांच्या उंच कुंभांची खापरे मिळाली. भूमध्य समुद्राकाठचा माल दोन हजार वर्षांपूर्वी प्रवरेपर्यंत पोचला होता.

तो कसा पोचला असेल? पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेर येथून भडोचला माल जात असल्याचा उल्लेख आहे. आमचे गाव त्या टापूतलेच. त्याच ग्रंथात भडोचच्या मुखाशी येणाऱ्या जहाजांची मोठी गंमत सांगितली आहे. उथळ दांडे, भरतीचा भयंकर वेग. परक्या खलाशाची छातीच होऊ नये. म्हणून राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी आपल्या लांब नावा घेऊन पुढे येत आणि जहाजांना ठरलेल्या खोल जागांतून, भरतीच्या वेळा सांभाळत, बंदरापर्यंत नेत. वाटाडेच ते! त्यांनी 'अथांग' म्हटले असते तर तो कुंभ खाडीच्या तोंडाशीच फुटला असता. आमच्या गावच्या खापरांमागे अशाच कोणाचे तरी पाणी मोजण्याचे ज्ञान उभे आहे, असे मानायला जागा आहे.

आमच्याकडेही हा शब्द शिरला आहे, हे कबूल केले पाहिजे. प्रवरासंगमाला नाथसागराचा फुगवटा पसरलेला असतो. १९७६ साली जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले तेव्हापासून तालुक्यातील किती जमीन आणि वस्ती त्याखाली आहे, हे त्या पिढीला ठाऊक आहे. नवी मंडळी घाटावर उभी राहून 'अथांग जलाशय' अशी छायाचित्रे काढतात. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारले तर तो हात लांबवून सांगतो : तिकडे आमची विहीर, सात परस, वर आता चार परस पाणी. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी ओसरले की तो ती दाखवायला नातवंडांना घेऊन जातो.

आता, या सहलींवर पोट असणाऱ्यांचे काय, असे विचारले जाईल, आणि तो प्रश्न खरा आहे. रापण आटल्यावर ही मुले मुंबईला गेली नाहीत, गावात राहिली, ते याच पर्यटनामुळे. सहली बंद करा असे आम्ही म्हणतच नाही. आम्ही म्हणतो, वाटाड्याला बोलू द्या. त्याच्या हातातला कॅमेरा काढा. बारा मिनिटांऐवजी तास द्या आणि त्याचे पैसे आमच्याकडून घ्या. पाव फेकणे थांबवा. त्याने जमतात ते पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले तेच तेच धीट मासे, आणि खडकाच्या कपारीत दबून असलेला गोबरा कोणी पाहतच नाही. बोटीवर चढण्याआधी दोरी सोडून पाणी मोजून दाखवा. पाय कुठे ठेवायचा नाही ते पाण्याबाहेर सांगा, पाण्यात ओरडून नव्हे. यातील एकाही गोष्टीला नवे धोरण लागत नाही.

हे सारे आम्ही सहल आखणाऱ्यांना सविस्तर लिहून कळवले, आणि चित्रफितीवरचा मथळा बदलून 'दोन वाव पाण्यात' असा करावा अशी विनंती केली. उत्तरादाखल पुढील हंगामातील सवलतींचे पत्रक आले. वाटाड्याला मात्र आम्ही दूरध्वनी केला होता. तो म्हणाला, कॅमेऱ्याशिवाय यायचे असेल तर अमावास्येच्या आसपास या, ओहोटी मोठी असते, बरेचसे खडक बोटीतूनच दिसतात. आणि येताना तुमच्याकडची विहिरीला लावायची दोरी आणा, वाव आणि परस यांत फरक किती ते एकदा बघून टाकू.