मानधनाच्या नावाखाली कपात

सरकार आशाताईला 'स्वयंसेविका' म्हणते. वडनेर भोलजीत एखाद्या बाईची दवाखान्यात प्रसूती झाली, की आशाताईने त्या घरी सहा वेळा जायचे: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचे वजन, ताप, नाळ पाहायची, आईची विचारपूस करायची, फॉर्म भरायचा. २०११ साली या सहा भेटींचा दर ठरला २५० रुपये. म्हणजे भेटीला बेचाळीस रुपयेही नाहीत. दिवस, काम आणि दर सरकारनेच ठरवायचे, तर ही स्वयंसेवा कसली?

२०१३च्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांतल्या बायकांना कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती कागदावरच राहिली. ऑक्टोबर २०२३मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा ७,००० रुपये वाढीचे आश्वासन मिळाले. शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारीत पुन्हा संप, मग आझाद मैदानावर ठिय्या. मार्च २०२४मध्ये पदरात पडले ५,०००.

अर्थसंकल्पातला आकडा कमी केला की निदान बोंब तरी होते. राबणाऱ्या बाईला कामगारच न मानणे ही मात्र बिनबोभाट कपात आहे, आणि ती दरवर्षी होते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. सरकारने टाळ्या वाजवल्या. आता पगारपत्रक काढावे.