तारतम्य कीं मेहेरबानी?

रस्त्यावरील लहानसहान नियमभंगाबद्दल पोलिसानें दर वेळीं दंड करावा, कीं प्रसंग पाहून समज देऊन सोडावें, हा प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक आहे. परंतु सामान्य मनुष्यास सरकारची पहिली ओळख न्यायमंदिरांत होत नसून चौकांतील शिपायापाशीं होते. म्हणून त्याचा विचार अवश्य केला पाहिजे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें दंडाच्या मर्यादा घालून दिल्या आहेत; जागच्या जागीं किती रक्कम घेऊन प्रकरण मिटवावें, हेंही राज्य सरकारच ठरवितें. तथापि कोणास थांबवावें, कोणास समज द्यावी व कोणाची पावती फाडावी, हें बहुतांशीं शिपायाच्या विवेकावर राहतें. हा विवेक काढून घ्यावा, असें आमचें मत नाहीं. आजारी बाळास दवाखान्यांत नेणाऱ्या बापास, मागील दिवा बंद आहे म्हणून अर्धा तास उभें करणें हा न्याय नव्हे. पुदिन्याजिऱ्याचा दशांश मोजतांना न्याय व दया विसरणारांस प्रभु येशूनें दोष दिला, तो उगाच नव्हे.

परंतु दया निराळी व मेहेरबानी निराळी. दयेचें कारण चारचौघांत सांगतां येतें. मेहेरबानीचें येत नाहीं. बाजारास आलेल्या शेतकऱ्याची पावती फाटावी आणि पुढाऱ्याचें नांव सांगणारा तरुण हंसत निघून जावा, हें तारतम्य नव्हे, पक्षपात होय.

सोडण्यास जसा विवेक लागतो, तसाच थांबविण्यासही लागतो. १५ ऑक्टोबर २०२३ रोजीं मध्यरात्रीनंतर आमच्याच वैजापूर तालुक्यांत, जांबरगांवाजवळ समृद्धि महामार्गावर, सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची गाडी एका मालमोटारीवर मागून आदळली. १२ जण मृत्युमुखी पडले. मालमोटार महामार्गावर थांबविल्याच्या आरोपावरून परिवहन खात्याच्या दोघां अधिकाऱ्यांस अटक झाली. दोष कोणाचा, हें न्यायालयानें ठरवावयाचें. आम्ही एवढेंच म्हणतों, कीं गाडी अडविण्याच्या हक्काहून ती सुरक्षित जागीं अडविण्याचें कर्तव्य मोठें आहे. भाविकांच्या त्या गाडींत आसनांहून पुष्कळ अधिक माणसें होतीं. असल्या गाडीस ‘जाऊं द्या’ म्हणणें ही दया नव्हे. चुकीनें केवळ कागद अपुरा राहत असेल तर समज पुरे. जीव धोक्यांत येत असेल तर सूट नको.

पालकांनीं येथें स्वतःकडेही पाहावें. २०१९ च्या सुधारणेनुसार अठरा वर्षांखालील मुलानें वाहन चालवून अपराध केल्यास पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. तरीही मुलाच्या हातीं मोटारसायकल देऊन, शिपायानें अडविल्यास कोणाचें नांव सांगावें, हेंही कित्येक घरीं शिकविलें जातें. ज्या मुलास नियमाहून ओळख थोर, असें घरींच कळलें, त्यास शाळेनें नागरिकशास्त्र कितीही पढविलें तरी तें पुस्तकांतच राहणार.

शिपायानें न्यायानें वागावें, अशी अपेक्षा आपण अवश्य करावी. परंतु अडविलें असतां कोणाचेंही नांव न सांगतां आपलें म्हणणें खरेंखरें मांडण्याची संवय आधीं आपण लावून घ्यावी.