बुरशीची गोळी, विचारल्याशिवाय नको

सिंगापुरात पहिले किडनी प्रत्यारोपण 1970 साली झाले. हयातीत नकार नोंदवला नसेल तर अपघाती मृत्यूनंतर किडनी घेता येईल, असा कायदा तिथे 1987 मध्ये आला. 2004 मध्ये यकृत, हृदय आणि नेत्रपटलही त्यात आले. अवयव मिळेपर्यंतची वाट अशी नीट आखलेली आहे. पुढची वर्षे मात्र रुग्णाला आणि घरच्यांनाच सांभाळायची असतात.

नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्या बहुतेकांना कायम घ्याव्या लागतात. या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबली की अ‍ॅस्परजिलस, क्रिप्टोकॉकस, म्युकर, शिवाय आग्नेय आशियातली टॅलारोमायसेस, अशा निरोग्याला सहसा न छळणाऱ्या बुरशी शरीरात मुक्काम ठोकतात. प्रत्येकीचे औषध वेगळे. म्युकरवर व्होरिकोनॅझोल चालत नाही, क्रिप्टोकॉकसवर कॅस्पोफंगिन चालत नाही. अ‍ॅम्फोटेरिसिन पुष्कळांवर चालते, पण किडनीलाच जड जाते. म्हणून नुसत्या अंदाजावर भागत नाही, संसर्गाच्या जागेचा तुकडा तपासावा लागतो. तो सगळाच फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर बुरशी मरते आणि कल्चर, म्हणजे ती वाढवून ओळखणे, होत नाही. थोडा भाग सलाइनमध्ये वेगळा पाठवलाच पाहिजे.

खरी कसरत त्यानंतर. व्होरिकोनॅझोल सुरू होताच टॅक्रोलिमसचा निचरा मंदावतो, रक्तातली पातळी चढते, हात थरथरतात, क्रिएटिनिन वाढते. त्यामुळे टॅक्रोलिमसचा डोस सुरुवातीलाच साधारण एक तृतीयांशावर आणतात आणि पातळी वरचेवर मोजतात. बुरशीचे औषध थांबले की हीच पातळी घसरते. तेव्हा डोस पुन्हा वाढवला नाही, तर शरीर अवयव नाकारू लागते.

सिंगापुरातल्या आणि इथल्या आपल्या मराठी घरांना म्हणूनच कळकळीने सांगायचे आहे. सुट्टीत पुण्या-नाशिकला आले, गजकर्ण उठले, केमिस्टने इट्राकोनॅझोल दिले, हे आपल्याकडे सर्रास चालते. तीही व्होरिकोनॅझोलच्याच कुळातली गोळी, आणि टॅक्रोलिमसची पातळी तीही चढवते. उरलेली पाकिटे बॅगेतून सिंगापूरलाही जातात. प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकते. केमिस्टने ही गोळी चिठ्ठीशिवाय देऊ नये. डॉक्टरांनी प्रत्यारोपण झाले आहे का, हे विचारल्याशिवाय ती लिहू नये. आणि घरच्यांनी बुरशीचे कोणतेही औषध सुरू करण्याआधी प्रत्यारोपण विभागाला फोन करावा, बंद करण्याआधीही करावा.