आठवड्याचे दोन अल्बम

दर आठवड्याला एक जुना आणि एक नवा अल्बम निवडून सलग ऐकावा, असे आम्हांस वाटते. सुटी गाणी ऐकण्याच्या सवयीने आपण रचनेचे भान गमावत आहोत. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांनी काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत उलगडला. क्रम मोडला की तो दिवसच मोडतो. त्याच्या जोडीस अरूज आफताब यांचा २०२४ चा ‘नाइट रेन’ घ्यावा. तिथे रात्रीचे राज्य आहे. अशा शेजारामुळे जुने निव्वळ स्मरणरंजन उरत नाही आणि नव्याला नवेपणाची सवलत मिळत नाही. निवड मात्र आपली हवी. यंत्राने सुचवलेली नको.