शिक्का पाहूनच फी भरा



निकाल लागले की रिसोड-मालेगावकडच्या घराघरांत एकच विषय निघतो : पोराला कुठं घालायचं? डिप्लोमा करून नोकरीला लागलेल्या पोरालाही वाटतं, काम सांभाळून डिग्री घ्यावी, म्हंजे बढती मिळेल. इच्छा रास्तच आहे. पण उसाच्या बिलातून फी भरण्याआधी दोन उदाहरणे ध्यानात घ्यावीत, असे आम्हांस वाटते.

पहिले आय.आय.पी.एम.चे. व्यवस्थापन शिकवणारी ही खाजगी संस्था १९७३ साली निघाली. मुंबई-पुण्यातही शाखा होत्या. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती यायच्या. मात्र अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता नव्हती. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिला 'एम.बी.ए.' आणि 'बिझनेस स्कूल' हे शब्द वापरण्यास मनाई केली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीबाहेरच्या शाखा बंद करण्याचे जाहीर झाले.

दुसरे उदाहरण इंजिनिअरिंगचे. चार अभिमत विद्यापीठांनी परिषदेच्या मंजुरीविना दूरशिक्षणाने पदव्या दिल्या. ओडिशाच्या उपसा सिंचन महामंडळातील बढत्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी निकाल लागला : २००१ ते २००५ मधील प्रवेशांच्या पदव्या स्थगित, परीक्षा पुन्हा, त्यापुढच्या पदव्या रद्द. फी परत करण्याचाही आदेश झाला. पण गेलेली वर्षे कोण परत करणार?

कोणी म्हणेल, "कागदानं का शहाणपण येतं?" नाही येत. पण कारखान्याच्या वजनकाट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो, म्हणून आपण पावतीवर भरवसा ठेवतो. बिनशिक्क्याच्या काट्यावर आपण गाडी चढवू का? मग लेकराचं आयुष्य कसं चढवायचं?

खाजगी तेवढे वाईट, असे आमचे म्हणणे नाही. शाळेला जाब विचारणारा धनी कोण, हा खरा प्रश्न आहे. पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट पाहा. सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनीच ती १९७५ मध्ये 'डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट' नावाने उभी केली. साखर तंत्रज्ञान, मद्यार्क, ऊसशेती यांचे शिक्षण तिथे आजही मिळते.

आमची सूचना साधी आहे. प्रवेशाआधी मान्यतेचे पत्र मागा, त्यावरचे वर्ष वाचा, अभ्यासक्रमाचे नाव तपासा. परिषदेची आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची यादी प्रत्येक गट कार्यालयात लावण्याचा ठराव सभासदांनी सर्वसाधारण सभेत मांडावा. बेणे पारखून घेणाऱ्या शेतकऱ्याने शाळाही पारखूनच घ्यावी.