सजावटीची विहीर आणि विवेकाचे गाळणे

श्रावकाच्या घरी पाणी गाळल्याशिवाय वापरले जात नाही. विहीर गावची असो वा नळ नगरपालिकेचा, दुहेरी कापडाचे गाळणे भांड्याच्या तोंडाशी लागतेच. पाण्यातील सूक्ष्म जीवांची विराधना होऊ नये, हा त्यामागील हेतू; आणि पाण्याचा उगम कितीही विश्वासाचा असला तरी आपल्या हातची दक्षता सुटत नाही, ही त्यातून लागणारी सवय. संगणकाच्या पडद्याशी या आचाराचा काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मार्च २०२४ मधील एका घटनेने तो संबंध स्पष्ट केला.

१९९६ साली जर्मनीतील ट्यूबिंगन विद्यापीठाचा विद्यार्थी मातिआस एट्रिख याने एक आवाहन केले. युनिक्स वर्गातील संगणक सामान्य माणसालाही सहज हाताळता यावा, यासाठी कार्यक्रमलेखकांनी एकत्र यावे, असे ते आवाहन होते. त्यातून ‘केडीई’ हा प्रकल्प उभा राहिला. त्याचे ‘प्लाझ्मा’ हे डेस्कटॉप आज लिनक्सवर जगभर वापरले जाते. ते विनामूल्य आहे, त्याची मूळ संहिता सर्वांना खुली आहे आणि त्याचा मोठा भाग स्वयंसेवकांच्या श्रमातून घडला आहे. विद्यादानाचे हे आधुनिक रूपच म्हणावे लागेल.

आपला पडदा आपल्या आवडीने सजवावा, ही हौस या मंडळींत पहिल्यापासून आहे. पूर्वी त्यासाठी खटाटोप करावा लागे. कोठून तरी फाइल उतरवायची, ती उलगडायची, योग्य त्या दडलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि एवढे करून रंग बदलला नाही तर पुन्हा आरंभ करायचा. पुढे हे सारे साहित्य एका भांडारात आले आणि सेटिंगमधील एका बटणाने ते थेट संगणकात उतरू लागले. ‘डिस्कव्हर’ या एकाच ॲपमध्ये कार्यक्रम, थीम, विजेट आणि इतर जोडण्या शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. गावाला एक सार्वजनिक विहीर मिळाली आणि दूरची पायपीट संपली, तसेच हे झाले.

मात्र या विहिरीत उतरणारे पाणी एका प्रकारचे नाही. भित्तिचित्र म्हणजे केवळ चित्र. रंगसंगती म्हणजे रंगांची यादी. त्यांच्याकडून मोठा अपाय संभवत नाही. विजेट मात्र स्वतः चालणारा छोटा कार्यक्रम असतो. ‘ग्लोबल थीम’ तर रंग, चिन्हे, पट्ट्यांची मांडणी आणि अशी विजेटे यांचे एकत्र गाठोडे असते, आणि त्यातील आज्ञा वापरणाऱ्याच्याच अधिकाराने चालतात. जे वापरणारा पुसू शकतो, ते त्या आज्ञाही पुसू शकतात.

मार्च २०२४ मध्ये नेमके हेच घडले. एका वापरकर्त्याने भांडारातून एक ग्लोबल थीम उतरवली. तिच्यातील एका आज्ञेने त्याच्या वैयक्तिक फाइली पुसून टाकल्या. संगणकाला जोडलेल्या इतर डिस्कवरील साहित्यही गेले. ती थीम भांडारातून काढण्यात आली. तपासात दुष्ट हेतू आढळला नाही; आज्ञा लिहिण्यात चूक झाली होती. भांडारातील साहित्य बाहेरच्या लोकांनी दिलेले असते आणि प्रत्येक वस्तू तपासलेली नसते, हे प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांनी मान्य केले. वापरणाऱ्याला धोक्याची अधिक स्पष्ट सूचना द्यावी आणि आज्ञा चालवणारे साहित्य निव्वळ चित्र-रंगांपासून वेगळे ओळखू यावे, अशी दिशाही त्यांनी मांडली.

हेतू वाईट नव्हता, तरी हानी झाली. जैन विचाराला हे नवे नाही. कर्मबंधाच्या कारणांत मिथ्यात्व आणि कषाय यांच्याबरोबर प्रमादही मोजला आहे, तो याचसाठी. असावधपणा द्वेषाइतका उग्र दिसत नाही. पण ज्याच्या घरातील छायाचित्रे, हिशेब आणि पत्रे एका क्षणात गेली, त्याच्या दृष्टीने परिणाम तोच.

असा अनुभव केवळ लिनक्सलाच आला असे नाही. विंडोज व्हिस्टाबरोबर पडद्याच्या कडेला घड्याळ, हवामान दाखवणारी गॅजेट्स आली होती. त्यांतून सुरक्षेला धोका आहे हे ध्यानी आल्यावर जुलै २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच ती बंद करण्याची सोय दिली.

मग सजावट वर्ज्य करावी काय? तसे नाही. मुनींच्या पाच समितींत आदान-निक्षेपण समिती आहे: वस्तू उचलताना आणि ठेवताना नीट पाहून, जपून हालचाल करावी. गृहस्थाने तिचा अंश जरी संगणकापुढे पाळला तरी पुष्कळ काम होते. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि एरवी ती डिस्क संगणकाला जोडलेली नसावी. थीम कोणी दिली, शेवटची केव्हा सुधारली आणि ती आपल्या आवृत्तीसाठी आहे काय, हे पाहावे. इतरांनी नोंदवलेल्या तक्रारी वाचाव्यात. गाठोड्याऐवजी नुसत्या रंगांनी किंवा भित्तिचित्राने काम भागत असेल तर तेवढेच घ्यावे. मुलांना हौस असेल तर त्यांच्यासाठी संगणकात स्वतंत्र खाते उघडावे, म्हणजे त्यांचा प्रयोग वडिलांच्या हिशेबापर्यंत पोहोचणार नाही.

यापलीकडचा प्रश्न संख्येचा आहे. फुकट मिळते म्हणून वीस विजेटे घेतली, तर वीस अनोळखी हातांवर विश्वास टाकला जातो. भोगोपभोग-परिमाण व्रत वस्तूंची मर्यादा आखायला सांगते. ज्या वस्तूला किंमत नाही, तिलाही मर्यादा असावी हे त्या व्रताचे मर्म पडद्यावर अधिकच पटते.

शेवटी, पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेले जीव श्रावक फेकून देत नाही. ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत ते हळुवार परत सोडतो. भांडारातील एखाद्या वस्तूत दोष आढळला तर ती नुसती पुसून गप्प बसू नये. तो दोष सौम्य शब्दांत तेथेच नोंदवावा. विहीर सर्वांची आहे, आणि पुढचा माणूस त्याच काठावर घागर घेऊन येणार आहे.